जागलीची बॅटरी आणि तिचा चार्जर



आज आपण लोणावळ्यात बसलोय. इथलं वळवणचं, शिरोत्याचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ साली वीज केली, ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. गिरणीत कापूस शेतकऱ्याचा, वीज मावळच्या पाण्याची. आणि शेतकरी ज्वारीच्या जागलीला अजून हातातल्या बॅटरीवर!

तर त्या बॅटरीचंच बोलू. पुन्हा भरायचे सेल चांगले. त्यांना मारतो तो चार्जर. स्वस्तातल्या चार्जरला सेल भरला हे कळतच नाही. काहींत टायमर असतो. शहरात तो चालतो. आपल्याकडे वीज दोनदा गेली की बहुतेक टायमर पुन्हा पहिल्यापासून मोजतात. भरलेला सेल परत भरत राहतो, तापतो, लवकर मरतो. नाव मात्र सेलचं खराब.

भरलेल्या सेलचा व्होल्टेज किंचित उतरतो. ते ओळखून आपोआप थांबणारा चार्जर मागा. प्रत्येक सेल वेगळा भरणारा हवा, जोडीनं भरणारा नको. जोडीत एक उपाशी, दुसऱ्याला अजीर्ण. मागच्या बाजूला १०० ते २४० व्होल्ट छापलेलं बघा, आपला दाब कधी २३० राहतो?

वेगही विचारा. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल २०० मिलिअँपिअरनं भरायला चौदा-पंधरा तास लागतात. तेवढी सलग वीज कुणाच्या गावात आहे? ५०० चा घेतला तर पाचेक तासांत काम होतं. आम्ही तोच घ्या म्हणू, चार पैसे जास्त गेले तरी.

आणि साधे सेल त्यात घालू नका. गळतात, फुटतातसुद्धा.