शिकतां शिकतां मजुरी
(सुवर्णमहोत्सवी सभेंतील भाषण)



मुलाची शाळा संपली कीं आपल्या घरांत पहिला विचार निघतो तो पदवीचा. हातांच्या कामाचा विचार मागाहून, आणि तोहि पदवी हुकली तर. ह्या समजुतीबद्दल आज थोडें बोलावें असें आम्हीं योजिलें आहे. दाखला दूरचा आहे, अमेरिकेंत इमारतींतील विजेचें काम करणाऱ्या वायरमनांचा. पण तो ऐकण्यासारखा आहे.

तेथील वीज-कामगारांचा संघ १८९१ सालीं सेंट लुई शहरांत स्थापन झाला. (त्याच वर्षीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं ‘रेरुम नोवारुम’ हें परिपत्रक काढून कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य केला, हें आपणांस ठाऊक आहेच.) पहिल्या अधिवेशनास अवघे दहा प्रतिनिधि होते व सभासद २८६. पहिले अध्यक्ष हेन्री मिलर हे स्वतः खांबावर चढून तारा जोडणारे कामगार. १८९६ सालीं वॉशिंग्टन येथें काम करीत असतां विजेचा धक्का लागून ते खालीं पडले व त्यांतच त्यांचा अंत झाला. ज्या धंद्यांत अध्यक्षाचीहि ही गत, तेथें न शिकविलेल्या पोराला तारेला हात लावूं देणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

१९३७ सालीं अमेरिकन सरकारनें उमेदवारीचा कायदा केला, आणि १९४१ सालीं हा संघ व कंत्राटदारांची संस्था ह्यांनीं मिळून शिक्षणाची संयुक्त समिति नेमली. ठिकठिकाणच्या समित्यांत दोन्ही पक्षांचे लोक सारख्याच संख्येनें बसतात. उमेदवाराची प्रथम बीजगणिताची व वाचनाची परीक्षा होते, मग मुलाखत. निवड झाली म्हणजे साधारण पांच वर्षें: सुमारें ८००० तास प्रत्यक्ष कामावर, जाणत्या कारागिराच्या हाताखालीं, आणि सुमारें ९०० तास वर्गांत. नळ्या मापानें वाकविणें, तारा ओढणें, नकाशा वाचणें, वीज बंद करून खटक्याला कुलूप लावणें, आणि ती खरोखरच बंद आहे कीं नाहीं हें तपासल्यावांचून हात न घालणें, हें सारें त्यांत येतें. विजेच्या नियमांचें पुस्तक दर तीन वर्षांनीं नवें निघतें. तेव्हां पुरता कारागीरहि अभ्यासांतून सुटत नाहीं.

आतां पैशाची गोष्ट. उमेदवाराला पहिल्या दिवसापासून मजुरी मिळते; बहुधा पुरत्या कारागिराच्या मजुरीच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपासून आरंभ होतो, आणि तास भरत जातील तसतशी ती पायरीपायरीनें चढते. वर्गाचा खर्च कोठून? दर तासाच्या कामामागें अमुक पैसे कंत्राटदारानें शिक्षणनिधींत भरावे, असें करारांतच ठरलेलें असतें. ते पैसे एरव्हीं मजुरींतच मागतां आले असते. म्हणजे आजचा कारागीर उद्याच्या कारागिराची फी आपल्या घामांतून भरतो असें म्हणण्यास हरकत नाहीं. एका कारागिरामागें उमेदवार किती असावे ह्यालाहि मर्यादा असते. नाहींतर लोभी मालक स्वस्त पोरांकडूनच सारें काम उरकून घेईल.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू आम्ही झांकणार नाहीं. बांधकामाच्या कित्येक संघांचीं दारें पुष्कळ वर्षें बापामागून मुलगा, काकामागून पुतण्या ह्यांनाच उघडत. कृष्णवर्णीयांस व स्त्रियांस तीं बहुतेक बंदच होतीं. जातवार धंदे पाहिलेल्या आपणांस ही रीत फारशी परकी वाटणार नाहीं. पुढें चळवळी झाल्या. १९६९ सालीं फिलाडेल्फियांतील सरकारी बांधकामांवर कृष्णवर्णीय कारागीर घेण्याचीं उद्दिष्टें सरकारनें घालून दिलीं, आणि १९७८ सालीं उमेदवारींत स्त्रियांसाठींहि तसेंच केलें. आजहि त्या कामांत स्त्रिया थोड्याच दिसतात.

आपल्याकडे उमेदवारीचा कायदा १९६१ सालीं झाला. त्याप्रमाणें विद्यावेतन मिळतें. पण कायदा उमेदवाराला शिकाऊ म्हणतो, कामगार म्हणत नाहीं. अपघाताची भरपाई, सुरक्षितता वगैरे बाबी सोडल्या तर कामगारांचे कायदे त्याला लागू होत नाहींत. अमेरिकेंतील संघाचा उमेदवार मात्र कामगारच गणला जातो. तेव्हां मुलाला कोठेंहि कामावर घालण्यापूर्वीं पालकांनीं तीन गोष्टी विचारून घ्याव्या: शिकविणारा कारागीर कोण, वर्ग किती तासांचा, आणि दुसऱ्या वर्षीं वेतन किती वाढेल.