मढ्यावरचा चेक नको
(शीळफाटा येथील सभेतील भाषण)



४ एप्रिल २०१३. इथंच, शीळफाट्यावर, लकी कंपाउंडची इमारत कोसळली. ७४ माणसं मेली. कोण होती ती? बांधकामावरचे मजूर, त्यांच्या बायका, पोरं. पाऊस नव्हता, भूकंप नव्हता. बेकायदा मजले चढत होते आन् बघणारे बघत होते.

कायदा तेव्हा होताच. २६ जुलैला उल्हासकाठ बुडाला त्याच २००५ सालचा, आपत्ती व्यवस्थापनाचा. त्याचं कलम ४१ म्हणतं, हद्दीतलं बांधकाम आपत्तीच्या निकषांत बसतंय का ते स्थानिक संस्थेनं बघायचं, साधनं तयार ठेवायची. कलम आहे. पैसा कुठंय?

पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ ची वाटणी केली. राज्याच्या आपत्ती निधीच्या १०० रुपयांत २० धोका कमी करायला, १० तयारीला. उरलेले ७० आपत्ती कोसळल्यावर. म्हंजे जगवायला ३० आन् बुडाल्यावर ७०!

१९४३ ला दामोदरला पूर आला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. ते नुसतं मदत वाटून थांबले नाहीत, सगळ्या नदीचंच नियोजन हाती घेतलं. त्यातनं १९४८ ला दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. हा आपला वारसा.

म्हणून ठाणे आन् कल्याण-डोंबिवली, दोन्ही महापालिकांना आपलं सांगणं एकच. तयारीचा पैसा पावसाआधी, एप्रिलातच, वस्तीवस्तीत जाहीर वाचा. कुठला नाला, कुठली धोक्याची इमारत, निवाऱ्याला कुठली शाळा, किती रुपये.

मढ्यावरचा चेक नको. जित्या माणसाचा हिशोब द्या!

जय भीम!