हौसेचे मोल
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि आजवर माझा आवाज स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत काय तो गेलेला. परंतु "गोधड्या आणि पिशव्या शिवण्याचा तुम्हाला छंद आहे, त्यावर चार शब्द बोला," अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली आणि ती मोडणे मला जमले नाही. छंदावर बोलायचे म्हणजे गोड गोड बोलावे अशी अपेक्षा असते. तसे मी बोलेनच. पण शेवटी थोडे पैशांविषयीही बोलणार आहे. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी रागवायला नको.

गोधडी म्हणजे काय हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. आपण सगळ्याच तिच्याखाली वाढलो. कुणी तिला वाकळ म्हणतात, धारवाडकडे गेले की तिचीच कौदी होते. कारवार जिल्ह्यात, ज्याला हल्ली उत्तर कन्नड म्हणतात, हल्याळ आणि यल्लापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात. कडेपासून आरंभ करायचा आणि शिवत शिवत मध्यावर यायचे, अगदी आपल्या आज्या करीत तसेच. मात्र चारी कोपऱ्यांना त्या घडी घातलेल्या कापडाची 'फुले' लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. बंगालात कांथा आहे, तिला तर जुन्या साडीच्या काठातलेच रंगीत दोरे काढून वापरीत. कापड फाटले म्हणून टाकून द्यायचे नाही, हे कुठल्याच मुलखातल्या बाईला कुणी शिकवावे लागले नाही. आणि आपल्या गाडगे महाराजांना तर लोक 'गोधडे महाराज' म्हणत, कारण अंगावर ठिगळांचेच वस्त्र. १९५६ साली ते गेले. त्यांच्या नावाच्या पुलावरून आपण रोज जातो, पण हे नाव कितीजणींना ठाऊक असेल कोण जाणे.

आता गोधडीला कापड कोणते घ्यावे ते सांगते, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. उत्तम कापड म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेले सुती नऊवारी लुगडे. वर एक, खाली एक, आणि मध्ये भर म्हणून जुनी धोतरे, विटलेल्या चादरी, उसवलेले परकर, जे असेल ते. नवे कापड घालू नये. ते पहिल्या धुण्यात आटते आणि सगळी गोधडी आखडते. घालायचेच असेल तर आधी दोनदा धुऊन उन्हात कडकडीत वाळवावे. आणि सिंथेटिक साडी तर मुळीच नको. ती सुईखालून निसटते, घाम शोषत नाही, आणि शेगडीची ठिणगी उडाली तर वितळून अंगाला चिकटते. लहान मुलांच्या दुपट्याला तरी कृपा करून ती वापरू नका. तान्ह्या बाळाला आजीच्या लुगड्याचे दुपटे का करीत, तर त्याहून मऊ कापड दुकानात विकत मिळत नाही म्हणून.

पण हे लुगडे आता मिळायचे कुठे? नऊवारी नेसणाऱ्या आपल्या सासवा-आज्या एकेक करून गेल्या. त्यांच्या ट्रंकेतली लुगडी आपण बोहारणीला घातली आणि स्टीलचा डबा घेतला. डबे आपल्या सर्वांच्या घरी मायेना इतके झाले आहेत. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची अकरा लुगडी निघाली. आमच्याकडे दारी बोहारीण आलेलीच होती, मोठी परात दाखवीत होती, आणि परात चांगली होती हे कबूल केले पाहिजे. मी तिला नको म्हटले. त्या अकरांतून चार गोधड्या झाल्या; एक नणंदेकडे गेली, एक धाकट्या जावेकडे, दोन घरात आहेत. नणंद पुण्याला असते. तिने गोधडी अंथरली नाही, कपाटात ठेवली आहे, आणि अधूनमधून नुसती नाकाशी धरते असे ती मला म्हणाली. परातीचे असे कुणी करीत नाही.

शिवण्याची रीत सोपी आहे, चिकाटी मात्र हवी. सगळे थर जमिनीवर पसरून, सुरकुत्या हाताने सारून, कडेने आणि मधूनमधून कच्चा टाका घालावा. मग कडेपासून एकेक इंचावर धावदोरा. चौकोनात चौकोन असे आत आत यावे. मध्यापासून आरंभ केला तर कापड कडेला सरकून फुगते. तुकड्यांची गोधडी करायची असेल तर आधी सारख्या मापाचे चौकोन कापून त्यांच्या ओळी जोडून घ्याव्यात; चौकोन तिरके न कापता कापडाच्या उभ्या-आडव्या सुताला धरून कापावेत, नाहीतर ते ओढले जातात. जाड सुई, दुहेरी सुती दोरा आणि बोटात अंगुस्तान. अंगुस्तानाचा कंटाळा करणाऱ्यांची बोटे मी पाहिली आहेत.

एकदा माझ्या मुलीने गंमत म्हणून हिशेब केला. साडेचार फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी. इंचाइंचावर धावदोरा म्हणजे चौपन्न ओळींइतके शिवण. प्रत्येक ओळ चौऱ्याऐंशी इंचांची. इंचाला तीन टाके. तिने गुणाकार करून वही माझ्यासमोर धरली. १३,६०८ टाके! मिनिटाला दहा टाके धरले तरी जवळजवळ तेवीस तास नुसते शिवण्याचे. धुणे, उसवणे, जोडणे आणि थर लावणे याचे आणखी सहा-सात तास. म्हणजे एका गोधडीला तीस तास. जेवणे उरकून, भांडी पालथी घालून दुपारचे जे दोन तास आपल्या वाट्याला येतात, अशा पंधरा दुपारी. हा आकडा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

पिशव्यांचे काम त्यामानाने लवकर होते. साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब अशी एक जुनी चादर घेतली तर बंदांसह सहा पिशव्या निघतात. पंधरा इंच रुंद आणि छत्तीस इंच लांब पट्टी दुमडली की पिशवीचे अंग होते, तळाला जोड येत नाही, त्यामुळे बटाट्यांनी तळ फाटत नाही. पिशवी फाटते ती बंदाशी. म्हणून बंद वरच्या काठाच्या दुमडीत दोन इंच आत घ्यावा, त्यावर चौकोन शिवावा आणि चौकोनात फुली घालावी. बुधवारच्या बाजारातून पाच-सहा किलो भाजी आणायची तर एवढे हवेच. जुनी चादर नसेल तर मांजरपाट घ्यावा.

महाराष्ट्रात २०१८ च्या जूनमध्ये प्लास्टिक पिशव्यांची बंदी अमलात आली, २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरून फेकण्याच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंना देशभर बंदी झाली. तरी गोदाघाटावर बाजार उठल्यावर काय पडलेले असते ते आपण पाहतोच. आमच्या मुलीने मला आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली असा हिशेब छापला की नवी सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरावी, तेव्हा कुठे ती पातळ प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा हवेला कमी बाधक ठरते. कारण कापूस पिकवायला आणि कापड विणायलाही पुष्कळ खर्ची पडते. म्हणजे समारंभात फुकट मिळालेल्या नव्या कोऱ्या पिशव्यांचा ढीग कपाटात ठेवून आपण फार मोठे पुण्य केले असे समजू नये. फाटक्या चादरीच्या पिशवीला हा हिशेब लागत नाही, ती चादर आपले आयुष्य आधीच जगून झालेली असते.

आता पैशांचे बोलते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून कापडी पिशव्या लुटल्या. फार चांगले झाले. त्यानंतर श्रावणात विक्रीचे टेबल मांडण्याचे ठरले आणि पिशवीची किंमत तीस रुपये ठेवावी असे निघाले. कापड घरचे, दोऱ्याचे पैसे सुटले म्हणजे झाले, आपली तर हौस आहे, आणि हौसेला मोल नसते. मी त्या सभेत हरकत घेतली होती. दोन मैत्रिणी त्यापायी चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आता बोलतात. मते मोजली गेली, तीस रुपये ठरले, मी माझ्या पिशव्या टेबलावर ठेवल्या नाहीत. चाळीस पिशव्या तासाभरात संपल्या आणि सर्वांना फार आनंद झाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहतात. त्यांना आपल्यापैकी पुष्कळजणी ओळखतात, कारण आपल्या घरच्या निम्म्या गोधड्या त्यांच्या हातच्या आहेत. कापड आपले, दोरा आणि हात त्यांचे; एका गोधडीचे त्या सहाशे रुपये घेतात. तीस तासांचे सहाशे, म्हणजे ताशी वीस रुपये. त्यातही आपण पाचशेला देता का विचारतो. गोधड्यांचे काम थंडीआधीचे दोन-तीन महिने. निफाडकडे गारठा पडला की आपल्याला गोधडी आठवते, एरवी नाही. बाकीचे वर्ष मावशी पिशव्यांवर काढतात. सत्तर रुपयांना एक. एक दुकानदार त्यांच्याकडून महिन्याला दोन डझन पिशव्या घेत असे. आपले टेबल झाले आणि पुढच्याच महिन्यात तो त्यांना म्हणाला, "मंडळाच्या बायका तीसला देतात, तुम्हीही तीसला द्या."

मावशी माझ्याकडे आल्या. भांडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "ताई, तुमच्याकडे दोरा फुकट मिळतो का हो?"

भगिनींनो, हौसेला मोल नसते ही म्हण मी लहानपणापासून ऐकते. ती नेहमी विकत घेणाऱ्याच्या तोंडी असते. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला, त्यातून लिज्जत उभे राहिले. पापड तर घरोघर हौसेने लाटले जात होते. त्यांनी हौस म्हणून दोऱ्याचे, म्हणजे पिठाचे, पैसे सुटले की पुरे असे म्हटले असते तर पुढे काय झाले असते? सातासमुद्रापलीकडेही हेच. अमेरिकेत अलाबामा नावाच्या राज्यात, पूर्वी ज्यांचे आजे-पणजे गुलाम होते अशा काळ्या शेतकरी कुटुंबांतल्या बायका शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. १९६६ साली त्यांच्यापैकी पुष्कळजणींनी मिळून सहकारी संस्था काढली, फ्रीडम क्विल्टिंग बी असे तिचे नाव. त्याच भागात गीज बेंड नावाचे गाव आहे. तिथल्या गोधड्या २००२ साली मोठ्या संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या आणि २००६ साली त्यांची चित्रे तिथल्या सरकारने टपालाच्या तिकिटांवर छापली. आपल्याकडच्या गोधडीला तो मान मिळेल तेव्हा मिळो; निदान तिच्या तीस तासांची किंमत तरी आपण बायकांनीच पाडू नये.

माझे म्हणणे एवढेच की पिशवी द्यायची असेल तर फुकट द्या. वाण म्हणून द्या, लग्नात आहेर म्हणून द्या, शाळेतल्या मुलांना द्या. पण विकायची असेल तर मावशी विकतात त्याच भावाने विका, एक रुपया कमी नको. कुणी म्हणेल, गरिबाला सत्तर रुपये परवडत नाहीत. ज्याला खरोखर परवडत नाही त्याला फुकटच द्यावी. आपल्या टेबलावर आलेल्या बायका बहुतेक आपल्यासारख्याच होत्या, आणि शेजारच्या टेबलावर त्यांनी पाव किलो चकलीचे किती दिले तेही मी पाहिले.

दुसरे असे की मंडळात गोधडी शिकवण्याचा वर्ग निघावा अशी पुष्कळजणींची इच्छा आहे. तो मी घ्यावा असे सुचवले गेले. मी नको म्हटले. मी चार-सहा वर्षांत दहा-बारा गोधड्या केल्या असतील. मावशींनी किती केल्या ते त्यांनाही आठवत नाही. वर्ग मावशींनी घ्यावा आणि मंडळाने त्यांना दर खेपेला मानधन द्यावे, असा ठराव मी कार्यकारिणीकडे लेखी दिला आहे. नुसती साडीचोळी आणि नारळ देऊन भागवू नये, असेही त्यात लिहिले आहे. अध्यक्षबाईंनी तो वाचला आहे आणि त्या हसत आहेत, त्यावरून मला आशा वाटते.

मावशी यायला तयार आहेत. बुधवारी बाजार असतो म्हणून मंगळवार दुपारी तीन ते पाच ही वेळ त्यांनी सांगितली आहे. त्यांच्या दोन अटी आहेत. एकीनेही सिंथेटिक साडी आणू नये, आणि शिवताना मोबाईल पिशवीत ठेवावा, कारण बोलता बोलता टाके लांब पडतात. येताना एक जुने सुती लुगडे किंवा साडी, भर घालायला दोन चादरी, जाड सुई, सुती दोरा आणि अंगुस्तान आणावे. ज्यांच्याकडे लुगडे नसेल त्यांनी या आठवड्यात माहेरी फोन करावा. ट्रंकेच्या तळाशी एखादे नक्की असेल. बोहारीण येण्याच्या आधी ते मागून घ्यावे.