आखणीची शिस्त आणि हातांची मोकळीक
(औराद येथील व्याख्यान)



औरादच्या अमरेश्वराची जत्रा बिदर जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाची आहे. जत्रेची तिथी पंचांगाने ठरते. ती कोणाच्या सोयीसाठी एक दिवसही पुढे सरकत नाही. परंतु पाणी वेळेवर न आल्यास काय करावयाचे, पंगत केव्हा बसवावयाची, हे काही पंचांग सांगत नाही. ते जागेवर उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावे लागते. प्रत्येक घागरीसाठी अध्यक्षांच्या संमतीची वाट पाहणारी समिती कशी असते, हे देवस्थानाच्या कारभाऱ्यांस अधिक सांगणे नलगे.

कार्यव्यवस्थापनाच्या शास्त्रात आज ज्या दोन पंथांचा वाद चालतो, तो मुळात हाच आहे. पहिला पंथ आखणीचा. अमेरिकन नौदलाने १९५८ च्या सुमारास पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' नावाची पद्धत उपयोगात आणली. कोणते काम कोणत्या कामाआधी संपले पाहिजे, हे तीत जाळ्याच्या आकृतीने दाखविले जाते. दुसरा पंथ चपळाईचा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञ एकत्र आले व त्यांनी एक जाहीरनामा काढला. लहान तुकड्यांनी काम करावे, थोडे थोडे पूर्ण करून वापरणाऱ्याच्या हाती द्यावे आणि त्याच्या अनुभवावरून पुढचे पाऊल बदलावे, असा त्यांचा आग्रह. दोन्ही पंथांचे अनुयायी एकमेकांस नावे ठेवतात. पण काम करणाऱ्याला दोहोंचीही गरज पडते, आणि त्याचा उत्तम दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे.

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० च्या जुलैत झाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, ९१ बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, आणि मुदत अवघी पाच वर्षांची. प्रमुख श्री. ई. श्रीधरन यांनी मुदतीबाबत कमालीची कठोरता ठेवली; किती दिवस उरले हे दाखविणारी उलटी घड्याळे कार्यालयांत लावली. हे झाले पंचांग. परंतु त्याच वेळी मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि जागेवर निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्या हाती दिला. कठीण कातळासाठी स्वीडनहून जलदाबावर चालणारी यंत्रे आणली. रत्नागिरीजवळ पानवल येथे ६४ मीटर उंचीचा पूल बांधताना त्याचा माथा एका टोकाकडून ढकलत पुढे नेण्याची, भारतास नवी असलेली रीत स्वीकारली. शिवाय सगळे संपेपर्यंत थांबले नाहीत: दक्षिणेकडील मंगळूर-उडुपी टप्पा आणि उत्तरेकडील रोहे-वीर टप्पा १९९३ मध्येच खुले झाले. युटाचा जाहीरनामा निघण्यास तेव्हा आठ वर्षे होती!

अर्थात सर्वच काही सुरळीत झाले असे नव्हे. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठे आंदोलन झाले व काम काही काळ थांबले. जेथील लोकांच्या शेतांतून व वस्तीजवळून मार्ग जावयाचा, त्यांचे म्हणणे आखणीच्या वेळीच पुरेसे ऐकले गेले असते तर बरे झाले असते. पेडण्याचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा मऊ, पाणथळ मातीत होता. कातळासाठी आणलेली यंत्रे तेथे निरुपयोगी ठरली. माती पुनःपुन्हा ढासळली, मजुरांचे प्राण गेले, आणि वावावावाने हातांनी पुढे सरकावे लागले. येथे घड्याळाला हार मानावी लागली. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, म्हणजे ठरलेल्या मुदतीहून उशिराच. ढासळत्या मातीखाली उभ्या असलेल्या माणसाला तारीख दाखवून घाई करणे हे नियोजन नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता आपल्या परिसराकडे पाहू. बिदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा मार्ग. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे काम मंजूर झाले आणि तो २९ ऑक्टोबर २०१७ रोजी संपूर्ण खुला झाला. मरगुत्तीजवळ एक बोगदा आहे खरा. पण ९१ बोगद्यांच्या मार्गाला लागलेल्या काळाच्या दुपटीहून अधिक काळ या एका मार्गाला लागला, तो काही डोंगरामुळे नव्हे. कोकणच्या महामंडळाने रोखे विकून पैसा आधी उभा केला आणि अधिकार कामाच्या जागी नेला. इकडे दरवर्षी अर्थसंकल्पात जेवढे मिळेल तेवढेच काम व्हावयाचे, आणि निर्णय दूरच्या कचेरीतून यावयाचे. तोपर्यंत बिदरहून कलबुर्गीस रेल्वेने जाणारा मनुष्य विकाराबाद व वाडी असा वळसा घालून जात होता. औरादचा विद्यार्थी किंवा रुग्ण यांना तर आधी बिदरपर्यंत मोटारीनेच जावे लागे, आणि मग तो वळसा. त्या सगळ्या वर्षांत कागदावरची आखणी जागच्या जागी होती. तारीख मात्र कोणाच्याही भिंतीवर लावलेली नव्हती.