खाण सरल्यावर वावर कोणाचे?

(दोंडाईचा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अभ्यासवर्गाच्या चालकांनी मला 'सार्वजनिक क्षेत्र आणि समाजवाद' हा विषय दिला आहे. या विषयावर मी महाविद्यालयात तीस-पस्तीस वर्षे बोललो आणि विद्यार्थ्यांनी ते परीक्षेपुरते ऐकून घेतले. तेच टिपण आज पुन्हा वाचून दाखविण्याची इच्छा नाही. त्याऐवजी गेल्या पौष महिन्यात वणीच्या दोन कार्यकर्त्यांबरोबर केलेल्या एका पायी फेरीची हकीकत सांगतो. विषय मी सोडलेला नाही, एवढा भरवसा ठेवावा.

आपल्या या तापी खोऱ्याच्या लोहमार्गावरून जाणारी नवजीवन एक्सप्रेस पुढे भुसावळ, वर्धा करीत चंद्रपूर-बल्लारशाकडे जाते. त्या वाटेने मी निघालो आणि आधी गाडी बदलून वरोऱ्याला उतरलो. वरोरा म्हटले की आपल्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते आणि ते योग्यच आहे. परंतु वरोऱ्याला रेल्वे आली ती कोळशासाठी. १८७० नंतरच्या दशकात तेथे खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्गाचा फाटा नेण्यात आला, आणि १९०६ साली ती खाण बंद झाली. कोळशाचा माग काढणारे पुढे बल्लारपूरकडे वळले. मी गावात चारपाच जणांना जुनी खाण कोठे, असे विचारले. प्रत्येकाने हात केला तो निराळ्या दिशेला.

यातली एक गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. वरोऱ्याची ती खाण कोणा खाजगी मालकाची नव्हती. ती सरकारची होती. परकीय सरकारची, हे खरे, पण सरकारचीच. म्हणजे कोळसा सरकारी मालकीचा असणे ही आपल्या देशात १९७३ साली अवतरलेली नवी गोष्ट नव्हे. तिच्या शंभर वर्षे आधी, आपल्याच आजच्या महाराष्ट्रात, ती होऊन गेली होती. हे मला वयाच्या साठीनंतर कळले, याची थोडी लाज वाटते.

वरोऱ्याहून वणी, आणि वणीहून सकाळच्या एस. टी.ने एका फाट्यावर. तेथून पुढे पायी. वर्धा नदीच्या अलीकडचा हा सारा मुलूख काळ्या कसदार जमिनीचा, कापूस-तुरीचा. चालताना क्षितिजावर डोंगराची रांग दिसू लागली. मी सोबत्यांना तिचे नाव विचारले, तेव्हा ते हसले. ते डोंगर नव्हतेच. उघड्या खाणीतून कोळशाच्या वरची माती उपसून टाकलेले ते ढिगारे होते. त्यांच्यावर वेड्या बाभळी माजल्या आहेत. हाताने लावलेली झाडेही काही ठिकाणी आहेत, पण त्या ढिगाऱ्यावर पुन्हा कापूस उगवेल असे म्हणणारा शेतकरी मला तरी भेटला नाही.

ज्या गावाला आम्ही गेलो, त्याचे नाव मी येथे घेत नाही. काही कुटुंबांचे मोबदल्याचे तंटे अजून मिटलेले नाहीत, आणि माझ्या भाषणाचा त्यांना उपसर्ग होऊ नये. गाव उठून बरीच वर्षे झाली. आपल्याकडे धाब्याची घरे, तिकडे कवेलूंची. लोकांनी जाताना कवेलू उतरवून नेले, दारांच्या चौकटी नेल्या, लाकूड नेले. राहिल्या त्या मातीच्या भिंती, आणि छप्पर गेल्यावर मातीची भिंत किती पावसाळे टिकणार? गल्ल्या मात्र अजून ओळखू येतात. मारुतीचा पार आहे, मूर्ती नव्या वसाहतीत नेली आहे. शाळेची एक खोली पक्क्या विटांची असल्यामुळे उभी आहे. तिच्या भिंतीवर रंगविलेला पाढ्यांचा तक्ता बारापर्यंत वाचता येतो, पुढचा गिलावा पडला आहे. गावची विहीर मी वाकून पाहिली. तळ कोरडा. सोबत्यांनी सांगितले, विहीर गावाच्या आधी गेली. खाण जसजशी खोल गेली आणि तिच्यातले पाणी पंपांनी उपसले जाऊ लागले, तसतसे विहिरींचे पाणी खाली गेले. लोक उठले ते नोटिशीने. पण राहणे अशक्य झाले ते त्यापूर्वीच.

तेथे शेळ्या राखणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. नव्या वसाहतीतून ते रोज तीन मैल चालून येतात, कारण वसाहतीत शेळ्यांना चरायला जागा नाही. पूर्वी त्यांची पावणेदोन एकर जमीन होती. आता हा हिशेब पाहा. कोल इंडियाच्या धोरणानुसार संपादित जमिनीच्या दोन एकरांमागे एक नोकरी मिळते. पावणेदोन एकरवाल्याने दुसऱ्याच्या तुकड्यात आपला तुकडा मिळवून एकाचे नाव पुढे करायचे, नाहीतर रोख रक्कम घ्यायची. यांनी रक्कम घेतली. ती दोन लग्नांत आणि एका आजारपणात संपली. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, ते सालदार, सुतार, लोहार, दळण-कांडण करणाऱ्या विधवा बाया, त्यांचा या हिशेबात रकानाच नाही. गाव म्हणजे खातेदारांची यादी, असे संपादनाच्या कागदाने धरून चालले आहे.

निघताना त्या गृहस्थांनी मला विचारले, "गुरुजी, खाण सरली का वावर वापस भेटते का?"

मित्रहो, मी पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले, पण हा प्रश्न माझ्या एकाही क्रमिक पुस्तकात नव्हता. भूमी, श्रम, भांडवल ही उत्पादनाची साधने आम्ही फळ्यावर लिहीत होतो. श्रमिक संध्याकाळी घरी जातो, भांडवल घसाऱ्यासह परत येते, आणि भूमी? ती परत करण्याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

घरी आल्यावर मी कायदा काढून वाचला. कोळसाधारक क्षेत्रे संपादन व विकास अधिनियम, १९५७. त्याखाली जमीन प्रथम केंद्र सरकारच्या आणि पुढे सरकारी कंपनीच्या मालकीची होते, कोणत्याही बोजाविना, पूर्णपणे. कोळसा काढून झाल्यावर ती मूळ धारकाला देण्याची तरतूद त्यात नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा संपलेल्या वा वापरात नसलेल्या अशा जमिनींविषयी धोरण ठरविले. त्या इतर प्रकल्पांना भाडेपट्ट्याने देता येतील. मालकी सरकारी कंपनीकडेच राहील. म्हणजे खाण सरल्यावर वावर वापस भेटते, फक्त ते दुसऱ्याला भेटते.

आता आपल्या पक्षाच्या दृष्टीने अवघड भागाकडे येतो. कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७२ साली आणि उरलेल्या खाणींचे १ मे १९७३ रोजी झाले. मी तेव्हा शाळेत होतो. घरातल्या वडीलधाऱ्या समाजवादी मंडळींनी त्याचे स्वागत केलेले मला आठवते, आणि ते चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. खाजगी खाणमालक वरचा, सोपा, चांगला कोळसा ओरबाडून खाली अर्धा तसाच सोडीत. मजुरांची मजुरी बुडवीत. खाणीत पाणी शिरले तर माणसांपेक्षा पंपाची काळजी करीत. आपल्या सीमेलगत छिंदवाड्याच्या न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी घुसून त्रेसष्ट कामगार बुडाले, ते खाजगी मालकीच्याच काळात. राष्ट्रीयीकरणानंतर राष्ट्रीय वेतन करार झाले, खाणकामगाराला निवृत्तिवेतन, दवाखाना, घर मिळाले. हे कमावलेले श्रेय कोणी आपल्याकडून काढून घेऊ नये.

पण आपण तेथेच थांबलो. मालकी सरकारची झाली की ती समाजाची झाली, असे आपण गृहीत धरले. वरोऱ्याच्या इंग्रजी सरकारी खाणीने हा भ्रम आधीच दूर करायला हवा होता. मंत्रालयाचा अधिकारी आणि कंपनीचा संचालक यांच्यामध्ये जी मालकी फिरते, तिच्यात पावणेदोन एकरवाला कोठे बसतो? खाण कोठे काढायची, किती खोल न्यायची, केव्हा मिटवायची, यांपैकी एकाही प्रश्नावर ज्या गावाखाली कोळसा आहे त्या गावाचे मत निर्णायक नाही. डॉ. लोहियांचे ज्येष्ठ अनुयायी अशा वेळी चौखंभा राज्याची आठवण देत, आणि आम्ही तरुण प्राध्यापक त्यांना थोडे भाबडे समजत होतो. भाबडे कोण होते, ते आता दिसते आहे.

त्यात तंत्र बदलले. १९७३ साली देशाचे कोळशाचे उत्पादन सात-आठ कोटी टन होते आणि त्याचा मोठा भाग भुयारी खाणींतून येई. २०२४-२५ साली उत्पादनाने शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतला आहे. भुयारी खाणीला माणसे फार लागतात, जमीन कमी लागते. उघड्या खाणीचे नेमके उलटे आहे. एके काळी कोल इंडियात सहा लाखांहून अधिक कामगार होते. आज ते अडीच लाखांच्याही खाली आहेत. कोळसा अनेक पट वाढला, रोजगार निम्म्याहून कमी झाला आणि जमिनीची भूक वाढत गेली. कामगार चळवळीने कामगाराकडे पाहिले, ते तिचे कामच होते. उठलेल्या गावाकडे पाहणारी संघटना मात्र आपण उभी केली नाही.

भुयारी खाणीचे गाव तरी सुरक्षित राहते असे समजू नका. नदीपलीकडे घुग्घूस आहे. तेथील अमराई वॉर्डात २६ ऑगस्ट २०२२ रोजी एक राहते घर जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भुयारी खाणीची पोकळी होती. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. खाण मिटते, पण तिचा हिशेब मिटत नाही.

जर्मनीत रूर खोऱ्यातील दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. पण बंद खाणींतले पाणी तेथे कायम उपसावे लागणार आहे, आणि तो खर्च भागविण्यासाठी २००७ सालीच एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले होते. त्या खर्चाला त्यांनी नावच 'चिरंतन खर्च' असे दिले आहे. आपल्याकडेही २००९ पासून खाण मिटविण्याच्या खर्चासाठी कंपन्यांनी पैसे अलग ठेवावेत असा नियम झाला. उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख, भुयारीला एक लाख असे तेव्हाचे दर होते, पुढे ते वाढले. पैसे ठेवायला लागले, हे चांगलेच झाले. त्यातून खड्ड्याला कुंपण पडते, ढिगाऱ्यावर झाडे लागतात. पण वावर परत मिळत नाही.

कोणी म्हणेल, प्राध्यापकांना वीज नको आहे काय? हवी आहे. भुसावळजवळच्या दीपनगरची वीज आपण सारे वापरतो, आणि शिंदखेडा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या विहिरीवरचा पंप भाषणांवर चालत नाही. माझे म्हणणे एवढेच की विजेच्या दरात त्या गावाची किंमत कधीच धरलेली नव्हती. ती आपण दिली नाही. शेळ्या राखणारे ते गृहस्थ देत आहेत.

आणि मित्रहो, हे सारे दूर वर्धेकाठी घडते असेही नाही. तुम्ही बसला आहात तेथून विखरण-मेथीचे शिवार फार लांब नाही. दोंडाईचा औष्णिक प्रकल्पासाठी, ६६० मेगावॅटच्या पाच संचांसाठी, महानिर्मितीच्या नावाने तेथे जमिनी घेतल्या गेल्या. कोळशाची एक वाघीणही आली नाही. पुढे तीच जागा सौर प्रकल्पासाठी म्हणून ठरली. विखरणचे धर्मा पाटील, वय चौऱ्याऐंशी, सुमारे पाच एकर बागाइताचे सुमारे चार लाख रुपये हाती पडले म्हणून दाद मागत फिरत राहिले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला ते गेले. त्यानंतर मोबदल्याचे फेरमूल्यांकन करण्यास शासनाला सवड मिळाली. याविषयी अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही. तुमच्यापैकी काही जण त्यांना ओळखत असतील.

मला विचारायचे आहे ते वेगळेच. कोळशासाठी घेतलेली जमीन, कोळसा येणार नाही हे ठरल्यावर, शेतकऱ्याला का विचारली गेली नाही? याच राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात शेतकऱ्याची जमीन भाडेपट्ट्याने घेतली जाते. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, मुदत संपली की वावर त्याचे. ऊन तेच, पत्रे तेच, राज्यही तेच. एका शेतकऱ्याला भाडे आणि दुसऱ्याची जमीन कायमची गेलेली, हा फरक विजेच्या तंत्राने केलेला नाही. तो मालकीच्या कायद्याने केला आहे, आणि कायदा बदलता येतो. कोळशाच्या जमिनीलाही हेच सूत्र का लागू नये? खाण ही मुदतीची गोष्ट आहे. मग संपादन बेमुदत का?

पक्षाच्या जिल्हा कार्यकारिणीकडे मी एवढेच काम मागितले आहे. विखरण, मेथी आणि आसपासच्या ज्या ज्या कुटुंबांची जमीन त्या प्रकल्पात गेली, त्यांचे संपादनापूर्वीचे सातबारा उतारे, पंचनाम्यात धरलेली झाडे-विहिरी आणि मिळालेली रक्कम, हे एका वहीत उतरवायचे. त्याच वहीत शेवटी एक रकाना भूमिहीनांचा ठेवायचा: कोण कोणाच्या शेतावर कामाला होते आणि आज कोठे आहेत. सुटीच्या दिवसांत चार-पाच विद्यार्थी मिळाले तर मी स्वतः त्यांच्याबरोबर फिरेन. गुडघे थोडे कुरकुरतात, पण सकाळच्या गारव्यात दोन-तीन कोस अजून सहज होतात. वणीच्या मित्रांनी त्यांच्याकडच्या गावाची अशीच वही सुरू केली असून पहिली पावणेदोन एकरांची नोंद त्यांनी मला पाठविली आहे. ती चहाच्या वेळी ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी.