एमजीबीला कोणती चाकं शोभतील?

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी ही स्पोर्ट्‌स कार तयार झाली. अशी जुनी गाडी पुन्हा उभी करताना आधी तिचं साल पाहा. १९६५ पर्यंतच्या उघड्या टपाच्या गाडीला दाराची ओढायची मूठ होती, नंतर बटण आलं. १९६९ च्या सुमारास क्रोमची जाळी जाऊन काळी, आत दबलेली जाळी आली आणि तिच्याबरोबर रोस्टाइल नावाची चाकं. १९६४ च्या गाडीला रोस्टाइल लावणं मला तरी पटत नाही.

तारांच्या चाकांचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ती साध्या हबवर बसत नाहीत. त्यांना खाचांचा हब लागतो. शिवाय तारांच्या चाकांच्या गाडीचा मागचा ॲक्सल आखूड असतो. साध्या ॲक्सलवर जोडतुकडा लावून ती बसवली, तर चाक बाहेर येतं आणि टायर मडगार्डला घासू शकतो. जुनी चाकं घेताना खाचांवरून बोट फिरवा. खाचांमधले दात झिजून टोकदार झाले असतील, तर ती चाकं घेऊच नका, कारण ब्रेकचा सगळा जोर त्या दातांवरच येतो. आणि तारांच्या जुन्या चाकात ट्यूब हवीच. आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते.