चिकटवण्यापूर्वी


स्मरणिकेची देणगीदार-यादी जुळवताना आमची फजितीच झाली. कोणी पत्रातून, कोणी जुन्या अहवालातून मजकूर उचलून वर्डमध्ये चिकटवला. त्याबरोबर ज्याचा त्याचा फाँट, आकार, रंगही आला. उपाय सोपा आहे. चिकटवताना ‘केवळ मजकूर’ हा पर्याय घ्यावा. नव्या वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकदम दाबावे. ठळक अक्षरे मात्र साधी होतात, ती पुन्हा ठळक करावी लागतात.

पण कृतिदेवमधील यादीला हे करू नका! तेथे देवनागरी हा नुसता फाँटाचा पेहराव असतो. तो उतरला की आपल्या कैलासवासी आजोबांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उरतो. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. आमची ७ नावे अशीच बिघडली. पावतीपुस्तके काढून ती पुन्हा लिहिली.